घर कोणाच्या नावावर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी सरकारी घरांविषयी बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय रुक्ष वाटेल. पण घराइतका जिव्हाळ्याचा विषय आपणां बायकांना दुसरा कोणता?

सरकारने घर द्यायचे म्हणजे इमारत बांधून किल्ली हाती ठेवायची, अशी आपली समजूत असते. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर या वसाहती जुन्या गृहनिर्माण मंडळाने तशाच बांधल्या. परंतु पैसा थोडा आणि गरजू फार! म्हणून आपल्या बोरिवलीच्या गोराईत आणि शेजारच्या चारकोपला निराळी वाट धरली गेली. १९८५ साली मंजूर झालेल्या योजनेत जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने रस्ते, पाणी, गटारे केली आणि २५ ते ४० चौरस मीटरांचे लहान भूखंड कमी मिळकतीच्या कुटुंबांना दिले. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. काही मोठे भूखंड चढ्या दराने विकून लहानांची किंमत खाली ठेवली. सरकारी पैसा जमिनीखाली गेला, आणि त्यावर संसार उभे राहिले.

ते संसार उभे करताना दागिना मोडला कोणी, वाळू-सिमेंटवर नजर ठेवली कोणी, हे मी सांगायला नको. मात्र कागदावर नाव कोणाचे, एवढे विचारून पाहा!

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत हा प्रश्न सरकारनेच विचारला. भागीदारीत बांधलेल्या घरामागे केंद्राचे दीड लाख आणि आपल्या राज्याचे एक लाख रुपये अनुदान ठरले. घर मात्र बाईच्या किंवा दोघांच्या नावे हवे. १ एप्रिल २०२१ पासून राज्याने केवळ स्त्रियांच्या नावे घेतलेल्या घराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट दिली. चाळीस लाखांच्या घरामागे चाळीस हजार रुपये वाचतात.

ही नुसती पैशाची गोष्ट नव्हे. इमारत जुनी होते, पुनर्विकासाची सभा भरते. जिचे नाव सभासदांत नाही, तिला तेथे मत नाही. नवरा गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आजच सोसायटीचा भागदाखला काढून पाहावा.

आपल्या घरी काम करणाऱ्या बायांना अर्ज वाचता येत नाहीत. मंडळाने महिन्याची एक दुपार त्यांच्यासाठी ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.