यमू, कालिंदी आणि अचला



तीर्थपुरीत मी मुलींना मराठी शिकवतो. ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचून झालं की एक तक्रार हमखास येते : “सर, ही यमू सगळं सोसते. काही करत का नाही?”

तक्रार रास्त आहे. हरी नारायण आपट्यांची ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, म्हणजे तेव्हा चौतीस वर्षं जुना. तरीही नवरा गेल्यावर यमूचं बळजबरीनं केशवपन होतं. कायदा उंबऱ्याबाहेर राहतो. घरात सासरच्या शंकरमामंजींची सत्ता. लग्न, शिक्षण, डोक्यावरचे केस, कशावरही यमूचा हक्क नाही. पण कहाणी सांगते तीच. ज्यांच्यापुढे मान वर करायची सोय नव्हती, त्या प्रत्येकाला ती वाचकांपुढे उभं करते. तोंड दाबलेली ही बाई साक्षीदार म्हणून मात्र भलतीच खमकी आहे.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘ब्राह्मणकन्या’तली कालिंदी नेमकी उलट. १९३०ची ही कादंबरी. कालिंदी घर सोडते, लग्नाशिवाय एका लिंगायत व्यापाऱ्याबरोबर राहते, पुढे स्वतः कमावते. यमूला जे स्वप्नातही सुचलं नसतं, ते ती करून मोकळी होते. पण ती बोलायला लागली की मधूनमधून ज्ञानकोशकारांचं समाजशास्त्रच ऐकू येतं. निर्णय तिचा, भाषा केतकरांची.

मग १९३४मध्ये विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ आली. तिची नायिका अचला नवऱ्यापासून दुरावलेली. कायद्यानं घटस्फोट घेण्याची सोय मुंबई प्रांतातल्या हिंदू बाईला १९४७पर्यंत नव्हती. अचला त्यासाठी थांबत नाही. आवडत्या पुरुषाबरोबर राहायचं ठरवते, मूल हवं म्हणते. ती डगमगते, घाबरते, जगाच्या नजरेनं पोळते. पण ती घालमेल तिची स्वतःची आहे.

तेव्हा नायिकांना स्वतंत्र आणि परतंत्र अशा दोन रांगांत उभं करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : ठरवतं कोण, आणि सांगतं कोण? यमूकडे आवाज होता, निर्णय नव्हता. कालिंदीकडे निर्णय होता, आवाज उसना. दोन्ही एकत्र यायला कादंबरी बाईच्या हाती जावी लागली. आणि त्या बाईलाही, म्हणजे मालतीबाई बेडेकरांना, आपलं खरं नाव ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावामागे झाकूनच ती लिहावी लागली.