घडीचा कागद
(कुडवा येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)



नवेगावबांधच्या नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश हवा, तर परीक्षेतील 80 पैकी 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात, तेही आकृत्यांचे. त्यांची उत्तरे घोकून घेण्याचा प्रमाद शिक्षक असताना मीही केला. आकृती जरा फिरली, की मुले गोंधळत.

पुढे मार्गदर्शिका मिटून रद्दी कागद हाती दिले. कागदाची एक उभी व एक आडवी घडी घालावी, मधोमध छिद्र पाडावे आणि उलगडण्यापूर्वी विचारावे : छिद्रे किती, व कोठे? चार म्हणणारी पुष्कळ. जागा दाखविणारी थोडी. चुकलेल्यास आपण सुधारू नये. त्यानेच कागद उलगडावा, पुन्हा मिटावा व तर्क कोठे घसरला ते सांगावे. वेळ जातो, हे खरे.

घडीच्या कडेवर अर्धे छिद्र पाडल्यास मात्र दोनच उमटतात. तेथे आपण गुरुजीही चकतो. आता समोरच्या कागदावर पाहा.