परमुलूख, श्रद्धा आणि कृतज्ञता

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीच्या या मंगल प्रसंगी मला चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी पंडित नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि चाळीस वर्षे कापड मोजले. म्हणून शास्त्रचर्चा न करता एक अनुभव आणि एक कबुली आपल्यापुढे ठेवतो.

२०१८ साली माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमधील लेस्टर शहरी गेला. आमची पिढीजात पेढी त्याने पुढे चालवावी, ही माझी इच्छा होती. निघण्याच्या आदल्या रात्री मी त्याला म्हणालो, "तिकडे पैसा मिळवशील, पण धर्म बुडवशील." तो काही बोलला नाही, पाया पडून निघून गेला. मी त्याला निरोप द्यायला स्टेशनवरदेखील गेलो नाही. पुढे पाच वर्षे आमचे बोलणे प्रकृतीच्या विचारपुशीपलीकडे गेले नाही.

२०२३ साली सौभाग्यवतीच्या आग्रहामुळे मी तिच्यासह चार महिने लेस्टरला राहिलो. पर्युषणाचे दिवस होते. मुलगा आम्हाला तेथील जैन सेंटरमध्ये घेऊन गेला. त्या वास्तूचा इतिहास ऐकून मी थक्क झालो.

१९७२ साली युगांडात इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. भरली घरे, चालती दुकाने टाकून हजारो कुटुंबे इंग्लंडला निघाली. त्यांत जैन बांधवही होते. आमच्या शहरात जागा नाही, इकडे येऊ नका, अशा आशयाची जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात दिली होती. तरीही लोक आले. १९७३ साली त्यांनी जैन समाज स्थापन केला, १९७९ साली जुन्या चर्चची इमारत विकत घेतली आणि १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानक आणि श्रीमद् राजचंद्रांचे ज्ञानमंदिर आहे. मायदेशी आपण ज्या भिंती उभ्या केल्या, त्या परमुलखात त्यांना परवडण्यासारख्या नव्हत्या.

आपले साधू-साध्वी वाहनाचा उपयोग करीत नाहीत, त्यामुळे समुद्रापार त्यांचा विहार होत नाही. तेरापंथात आचार्य तुलसींनी १९८० साली सुरू केलेल्या समण श्रेणीतील समणीजी परदेशी जातात. पण एरवी तेथील श्रावकांनाच स्वाध्याय करावा लागतो. आपल्याकडे महाराज साहेब बोलतात आणि आपण ऐकतो. तेथे जो पाठ करील, त्याच्यापुरताच धर्म उरतो. माझा मुलगा दर रविवारी लहान मुलांना प्रतिक्रमणाचे अर्थ सांगतो, हे मला तेथे गेल्यावर कळले.

संवत्सरीच्या सायंकाळी मी सर्वांसमोर हात जोडले, त्याच्यासमोरही जोडले. पण ते सवयीने. २०१८ मधील ते वाक्य मात्र मी गिळून टाकले.

नंतर डिसेंबर आला. त्या महिन्यात तेथे सकाळी आठनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. कचेरी तर पाचपर्यंत चालते. मी मुलाला विचारले, "मग तुझे संध्याकाळचे जेवण?" तो म्हणाला, "पप्पा, साडेतीनला डबा खातो. चौविहार आहे माझा." साडेतीनला त्यांची रोजची बैठक असे. त्याच्या वरिष्ठ बाईंनी हा नियम ऐकला आणि हिवाळ्यापुरती ती बैठक अर्धा तास पुढे नेली. त्यांनी धर्माविषयी एकही प्रश्न विचारला नाही. आजही तो त्यांचे नाव आदराने घेतो.

बंधूंनो, आता माझी कबुली. स्थानकापासून दोनशे पावलांवर माझे दुकान आहे. येथे सूर्य सहा-सातला मावळतो. तरी संध्याकाळच्या गिऱ्हाइकीचे निमित्त करून मी चौविहार वीस वर्षांपूर्वीच सोडला होता. धर्म कोणी बुडविला? त्या रात्री कोणतीही तिथी नव्हती. पण मी मुलाला जवळ बसवून ते वाक्य स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारले आणि मिच्छामि दुक्कडम् म्हणालो. तो रडला. मीही रडलो.

सेंटरमध्ये कंपालाहून आलेल्या एक वृद्ध बा भेटल्या. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलांना अंगभर कपडे नव्हते. शेजारच्या इंग्रज बाईंनी न बोलता चार लोकरी कोट दारात आणून ठेवले. भाषा येत नव्हती, म्हणून आभारही मानता आले नाहीत. तेव्हापासून दरवर्षी पारण्याच्या दिवशी बा त्या घरी मिठाईचा डबा देतात. त्या बाई केव्हाच निवर्तल्या. आज तेथे दुसरेच कुटुंब राहते. मी विचारले, "मग आता कोणासाठी?" बा म्हणाल्या, "भाई, देणे त्या दाराचे आहे."

हे ऐकताना मला माझे पणजोबा आठवले. मारवाडातून लोटा आणि दोरी घेऊन ते या मुलखात आले. येथल्या पाटलांनी त्यांना आपल्या ओसरीत जागा दिली. खांद्यावर गाठोडे घेऊन ते वाडी-वस्तीवर लुगडी-धोतरे विकत. सुगीवर पैसे देऊ, हा गावाचा शब्द आणि उधार देतो, हा त्यांचा शब्द, एवढ्यावर आमची पेढी उभी राहिली. आज आम्ही घरात मराठी बोलतो. आमच्याही घरावर कोणाच्या तरी दाराचे देणे आहे.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून सांगतो, उपकार कमाईत धरायचे नसतात. ते देण्याच्या बाजूला लिहायचे असतात. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात जीवांचे परस्परांवरील उपकार सांगितले आहेत. त्याचा अर्थ मला लेस्टरमध्ये समजला.

आज आपल्या गावी दूरच्या प्रांतांतून कामगार येतात, शिकायला मुले येतात. माझ्याच दुकानात बिहारचा एक मुलगा आहे. पहिला महिना तो दुकानाच्या फळीवर निजला. आपल्या ट्रस्टच्या वास्तूत जात-धर्म न विचारता नवागतांसाठी एक खोली राखून ठेवावी, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिल्या वर्षाचा खर्च आमची पेढी उचलील.

लेस्टरहून परतल्यापासून मी सूर्यास्तापूर्वी दुकानातच डबा खातो. गिऱ्हाईक थांबते, कोणी रागावत नाही.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!