कचेरींतील चिरुटांची पेटी



बीड जिल्ह्यांत माजलगांव तालुक्यांत दिंद्रुड नांवाचें गांव आहे. तेथें आमच्या वडिलांची अडत होती. गादीच्या उजव्या हातास पितळेचें पानदान असे, आणि ओल्या फडक्यांत गुंडाळलेलीं पानें दिवसांतून दोनदां उलटून ठेवण्याचें काम माझ्याकडे असे. आज छत्रपती संभाजीनगरास उच्च न्यायालयाच्या खंडपीठापाशीं माझी वकिलीची कचेरी आहे, आणि तेथें मेजावर पानदानाऐवजीं चिरुटांची पेटी आहे. अशिलांपुढें व वकीलबंधूंपुढें करावी म्हणून एका स्नेह्याच्या सल्ल्यानें ती मीं ठेवली.

ही पेटी सांभाळणें पानदानाहून अवघड आहे. चिरूट म्हणजे अखेर एक पानच. त्याच्या भोंवतालच्या हवेंत ओलावा शेंकडा पासष्ट ते सत्तर असावा लागतो. तो फार उतरला कीं वरचें वेष्टण तडकतें, फार चढला कीं बुरशी धरते. पेटी सिडारच्या लाकडाची असते, कारण तें लाकूड ओलावा शोषून घेतें व सावकाश सोडतें. माझ्या पेटीच्या झांकणाखालीं भिजविलेला स्पंज आणि कांट्याचें लहानसें आर्द्रतामापक आहे. स्पंज भिजवावयास ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें. पावसाळ्यांत त्याकडे पहावें लागत नाहीं. पण मराठवाड्याच्या वैशाखांत दर तिसऱ्या दिवशीं विसरून चालत नाहीं. एका वकीलबंधूंनीं युक्ति म्हणून आपले चिरूट शीतकपाटांत ठेविले. पंधरा दिवसांनीं त्यांचा भुगा झाला व त्यास लोणच्याचा वास येऊं लागला.

पाहुण्यापुढें तंबाखू ठेवण्याची चाल विलायती आहे असें कोणी समजूं नये. चिरूट हा शब्दच मुळीं तमिळ ‘शुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी, यावरून आलेला; त्रिचनापल्ली व दिंडिगल येथील चिरूट एके काळीं विलायतेंत जात. सतराव्या शतकाच्या प्रारंभीं असदबेगानें अकबराकरितां तंबाखू नेली ती आपल्या दक्षिणेंतील विजापुराहून, आणि बादशहानें ओढण्यास आरंभ करतांच वैद्यानें हरकत घेतली. ती हरकत खरीच होती. चिरुटानें तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो हें ठाऊक असून मी ती पेटी पुढें करतों, याचा बचाव मला करावयाचा नाहीं.

२००३ चा कायदा व २ ऑक्टोबर २००८ पासून अंमलांत आलेले नियम यांमुळें कचेरींत बसून कोणास धूम्रपान करतां येत नाहीं. पाहुणा चिरूट घेतो तो खिशांत घालून नेतो. जुन्या दरबारांत विडा हातीं आला म्हणजे भेट संपली. चिरुटाचें काम याच्या उलट. तो पेटला म्हणजे घटकाभर बसणें आलें. आमच्या कचेरींत आतां त्याचाही विडाच झाला आहे.

गेल्या वैशाखांत एक ठेकेदार माझ्यापुढें बसले होते व पेटी उघडी होती. इतक्यांत दिंद्रुडचे एक वृद्ध शेतकरी अपिलाचे कागद घेऊन आंत आले. माझ्या हातानें झांकण लावलें. मीं ठरविलें नव्हतें, हातानें लावलें.

वडिलांच्या दुकानीं हे आबा ओट्यावर येत नसत, पायरीवर बसत. त्यांना कोणी तेथें बसा म्हणून सांगितल्याचें मला आठवत नाहीं; सांगावें लागत नसे. गादीवरच्यांस विडा मिळे. पायरीवरच्यांसाठीं बिडीचें बंडल पायरीच्या कडेला ठेवावयाचें, हातांत द्यावयाचें नाहीं. तें ठेवून येण्यास वडील मलाच पाठवीत.

ठेकेदार गेल्यावर मीं चहा मागविला आणि पेटी उघडून आबांपुढें केली.

“राहूं द्या, वकीलसाहेब. तंबाखू सोडून वीस वर्षें झालीं.”

“ठाऊक नव्हतें, आबा.”

“तुम्हांला कसें ठाऊक असणार?”

तरी त्यांनीं एक चिरूट उचलला, नाकाशीं धरला, व होता तेथें परत ठेविला. मग झांकणाच्या आंतल्या स्पंजास बोट लावून म्हणाले, “फडकें ओलें ठेवायची तुमची संवय गेली नाहीं.” आणि त्यांनीं कागदांची पिशवी सोडली.

पेटी अद्याप मेजावर आहे. ती दिवसभर उघडीच ठेवावी असें मनांत येतें. पण तशी ठेवली तर ओलावा उडून जातो.