सर्दीचा विषाणू आणि तेहतीस अंश

पावसात भिजलं की सर्दी होते, हे घराघरांतलं मत. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ साली सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झालं आणि तिथे या मताची परीक्षाच झाली. काही स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून, ओल्या पोहण्याच्या कपड्यांत अर्धा तास वाऱ्यात उभं केलं. वर ओले मोजे घालायला लावले. बिचारे कुडकुडले खूप, पण नुसत्या गारठ्याने सर्दी होते असं काही सिद्ध झालं नाही.

सर्दीला विषाणू लागतो. तो प्रयोगशाळेत वाढवणं मात्र वर्षानुवर्षं जमेना. अमेरिकेत १९५६ च्या सुमारास एक प्रकार हाती लागला होता. बाकीचे दाद देत नव्हते. संशोधक मानवी पेशी शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना ठेवत. नाकात तर सतत बाहेरची हवा खेळते, तिथे इतकी ऊब कुठली? सॉल्झबरीच्या डेव्हिड टिरेल यांनी तापमान ३३ अंशांवर आणलं, पेशींचं द्रावण किंचित आम्लधर्मी केलं, आणि १९६० साली एकामागून एक विषाणू वाढू लागले.

हेच ऱ्हायनोव्हायरस.

पुढे २०१५ मध्ये येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर प्रयोग झाले. गारव्यात या पेशींची पहिली संरक्षक प्रतिक्रियाच मंदावते, असं दिसलं. आजीबाईंची बाजू अगदीच लंगडी नव्हती म्हणायची.

हा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा, पोलिओच्या विषाणूचा भाऊबंद. पण पोलिओचा विषाणू जठरातलं आम्ल पचवून आतड्यापर्यंत पोचतो. हा आम्लात टिकत नाही, म्हणून त्याचा मुक्काम नाका-घशात. त्याला स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो सहज बधत नाही. हात धुतलेले बरे. शिंका, वाहतं नाक, जडावलेलं डोकं हे बरंचसं आपल्याच प्रतिकारयंत्रणेचं काम. विषाणू स्वतः फारशी मोडतोड करत नाही.

शास्त्रज्ञ मायकेल रॉसमन यांनी १९८५ मध्ये एका ऱ्हायनोव्हायरसची अणुपातळीवरची रचना उलगडली. पृष्ठभागावर खोल खाचा दिसल्या. पेशीला धरण्याची जागा त्या खाचांत. भोवतालचे उंचवटे प्रकारागणिक वेगळे, आणि प्रकार १६० हून अधिक. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याला ओळखतीलच असं नाही. लस अडते ती इथे.

या कुळातला तिसरा गट, सी, २००६ साली उजेडात आला. नेहमीच्या पेशींत तो वाढतही नाही. लहान मुलांना घरघर आणि दम्याचे झटके येतात, त्यांत त्याचा मोठा हात आढळतो.