पाठीचे मोल
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



रस्त्यावरील अपघातांची नुकसानभरपाई हा वकिलांचा विषय आहे, तो अर्थशास्त्राच्या माणसाने कशाला हाती घ्यावा, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मला तो मुळात श्रमाच्या मूल्याचा प्रश्न वाटतो. हात वा पाय तुटला तर नुकसान डोळ्यांना दिसते. मानेच्या आणि पाठीच्या दुखापतीत ते दिसत नाही. मागून वाहनाचा धक्का बसला की मान क्षणार्धात मागेपुढे झटकली जाते. इजा होते ती स्नायूंना आणि सांध्यांच्या बंधांना. हाड मोडलेले नसते, एक्स-रे स्वच्छ येतो आणि केसपेपरवर ‘किरकोळ दुखापत’ असे दोन शब्द पडतात. दुखणे पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते. कचेरीतला माणूस रजा टाकतो. बाजार समितीतला हमाल चौथ्या दिवशी पन्नास किलोचे पोते पाठीवर घेतो, कारण ते घेतले नाही तर घरी चूल पेटत नाही. पुढे तो दावा दाखल करतो तेव्हा विमा कंपनीचा वकील विचारतो, “चौथ्या दिवशी तुम्ही कामावर होता ना?” नाइलाजाने केलेले काम हाच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतो. दारिद्र्य आपला पुरावा आपणच पुसून टाकते, हे मला आज सांगावयाचे आहे.

कायदा मात्र आपण समजतो तितका आंधळा नाही. डॉक्टर अपंगत्वाचा जो टक्का लिहून देतो तो शरीराचा असतो, कमाईचा नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात स्पष्ट केले. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आपल्या धंद्यातून पूर्णपणे उठू शकतो. सरकारी कारकुनाची नोकरी त्याच इजेनंतरही टिकू शकते. हाच न्याय पाठीला लावून पाहा. पस्तीस वर्षांच्या, महिना पंधरा हजार मिळविणाऱ्या हमालाच्या मणक्यातील चकती सरकली आणि डॉक्टरने दहा टक्के अपंगत्व लिहिले असे धरा. या वयाला न्यायालये सोळाचा गुणक लावतात. दहा टक्केच धरले तर भावी कमाईचे नुकसान दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होते. ओझे उचलणे कायमचे बंद झाल्यामुळे त्याची साठ टक्के कमाई बुडाली हे सिद्ध झाले, तर तोच आकडा सतरा लाख अठ्ठावीस हजारांवर जातो. मणका तोच, डॉक्टरही तोच. फरक आहे तो हमाली म्हणजे काय हे न्यायाधिकरणासमोर कोणी मांडले की नाही, एवढ्याचाच.

आणि कमाई सिद्ध करावयाची कशाने? १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला संरक्षण दिले हे आपण अभिमानाने सांगतो. त्याचा एक लाभ आपण फारसा सांगत नाही: मंडळात नोंद असलेल्या कामगाराच्या मजुरीला कागद असतो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला तो नसतो. घरातल्या बाईची गत तर याहून वाईट. १९९४ पासून २०१८ पर्यंत मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला पंधरा हजार रुपये मानलेले होते. चोवीस वर्षांत भाव कोठल्या कोठे गेले, हा आकडा हलला नाही. सरकारच्याच २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असे आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गृहिणीच्या श्रमाचे मोल ठरविताना या पाहणीचा आधार घेतला. पाण्याची घागर उचलता न येणे ही हानीच आहे. ती दाव्यात लिहावी लागते.

आता घड्याळाकडे वळू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विमा कंपनीचा अधिकारी अपघाताची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत तडजोडीचा देकार देऊ शकतो. वरकरणी ही सोय आहे. परंतु पाठ बरी होणार की नाही, हे तीस दिवसांत पुष्कळदा डॉक्टरलाही सांगता येत नाही. ज्याला थांबणे परवडते तो थांबतो. ज्याच्या डोक्यावर सावकार आहे तो सही करतो. अशा सौद्याला मुक्त करार म्हणण्याची चाल आमच्या शास्त्रात आहे खरी, पण मी ती कधी मानली नाही. त्यातच दाव्याला सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला आव्हान दिले गेले आणि केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर आपण कोणाला थांबू देऊ नये. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्या कंपन्यांतील सरकारी बहुमताची अट काढून टाकली, हेही याच संदर्भात ध्यानात ठेवा.

तेव्हा आपल्या कार्यालयात अपघातग्रस्त आला की फॉर्म भरण्याआधी त्याला पुन्हा सरकारी दवाखान्यात पाठवा आणि वाढलेले दुखणे केसपेपरवर तारखेनिशी नोंदवून घ्या. जुन्या दंडसंहितेत वीस दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामे करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत ठरे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे सिद्ध न करता, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख रुपये मागता येतात. म्हणून दिवसांची मोजणी हवी. कामावर जावेच लागले तर हलके काम घेतले, मजुरी किती कमी मिळाली, हे टोळीतल्या सोबत्यांकडून लिहून घ्या.

दावा जखमी माणूस राहतो तेथेही दाखल करता येतो. बीडकडची ऊसतोड मजूर बाई कोल्हापूरच्या रस्त्यावर ट्रॉली उलटून जखमी झाली, तर तिने तारखांसाठी कोल्हापूरला खेटे घालण्याचे कारण नाही. फक्त तिची मजुरी नवऱ्याच्या नावाने, एका कोयत्याच्या हिशेबात, मुकादमाच्या वहीत असते. त्या पानाची प्रत हंगाम चालू असतानाच मिळवा. टोळ्या गावी परतल्यावर ती वही सापडणे कठीण असते.