कॅसिनोच्या दगडावरचे नाव



मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रावरून आपण बेळगावकर रोज जातो-येतो. या पलटणीची माणसे कुठवर जाऊन पडली, हे मात्र आम्हाला इटलीच्या सहलीत कळले. मंडळाने त्यावर बोलायला सांगितले, म्हणून आज उभे आहोत.

रोमच्या दक्षिणेला कॅसिनो गाव आहे. वर डोंगरावर जुना मठ, पायथ्याशी दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची दफनभूमी. अधिकारी असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा. इथे ४,२७१ जणांची नोंद आहे. त्यांतील २८९ जणांची ओळखच पटलेली नाही. आम्ही रांगांतून मराठी आडनावे शोधत फिरलो. उशिरा लक्षात आले, की आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत. आपल्यातले बहुतेक दहन झालेले; त्यांना थडगे कुठले असणार? त्याच आवारात दहन झालेल्या १९२ भारतीयांचे वेगळे स्मारक आहे. आणि ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही, अशा चार हजारांवर सैनिकांची नावे हिरव्या संगमरवरावर कोरली आहेत.

त्यांत नाईक यशवंत घाडगे सापडले. माणगाव तालुक्यातले, वय अवघे २२. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीत धड उरले ते एकटेच. ते थांबले नाहीत. हातगोळा टाकून त्यांनी गन आणि ती चालवणाऱ्याला संपवले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदुकीची नळी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजाची गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मात्र सापडला नाही.

आमच्यापैकी एका वहिनींनी पर्समधला कुंदा काढून त्या दगडापाशी ठेवला. तिथल्या माळ्याला आवडले असेल की नाही, देव जाणे!

परदेशात पडलेल्यांचे देह घरी पाठवायचे नाहीत, असा त्या काळी नियम होता. घरच्यांना ना अस्थी, ना शेवटचे दर्शन.

आता उत्सव संपला की पितृपक्ष लागेल. शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध आपण चतुर्दशीला करतो. घरात कोणी आजोबा, चुलत आजोबा ‘लढाईत गेले’ एवढेच ऐकले असेल, तर त्याआधी जुनी ट्रंक उघडा. शिपाई क्रमांक मिळाला तर उत्तम, कारण इंग्रजी नोंदींत आपल्या आडनावांची अक्षरे कशीही पडलेली असतात. नाव कॅसिनोला नसेल तर सांग्रो नदीकाठच्या किंवा फोर्लीच्या स्मारकावर असू शकेल. दहन झालेल्या आपल्या सैनिकांची शेकडो नावे तिथेही आहेत. या नोंदी आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. आरतीनंतर आम्ही मंडपातच आहोत, कागद घेऊन या.